इन्क्युबेटरमध्ये पिल्लं काढताना: हात कधी आवरायचा, कधी घालायचा

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, तिला कुणी काही शिकवलेलं नसतं. आपण यंत्र घेऊन बसलो की मात्र पहिल्या दिवसापासून हात शिवशिवायला लागतात. झाकण उघडून बघू, थोडं पाणी घालू, तापमान जरा वाढवू. नवख्या माणसाच्या बहुतेक चुका या अशा नको तेवढा हात लावण्याच्या असतात. आणि गंमत म्हणजे पिल्लू बाहेर येऊन त्याचे पाय फाकलेले दिसले, की हाच माणूस ‘होईल आपोआप बरं’ म्हणत दोन दिवस वाट बघतो. करायचं नेमकं उलटं असतं. उबवणी चालू असताना हात आवरायचा, आणि पायाचं दुखणं दिसलं की त्याच दिवशी हात घालायचा.

इथे सगळं कोंबडीच्या अंड्यांबद्दल आहे. लावेची पिल्लं १७-१८ दिवसांत निघतात, बदकाची साधारण २८ दिवसांत. त्यांचे आकडे वेगळे, तत्त्वं बरीचशी हीच.

अंडी निवडताना

कोंबड्यांमध्ये कोंबडा असला पाहिजे, हे सांगायला नको वाटतं, पण खाण्यासाठी आणलेली अंडी यंत्रात ठेवून वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत. अंडी मध्यम आकाराची घ्या. फार मोठ्यात दोन बलक असू शकतात, फार लहान अंड्यातून निघालेलं पिल्लू अशक्त असतं. तडा गेलेलं, खडबडीत किंवा वेडंवाकडं अंडं बाजूला काढा. मळकं अंडं धुवू नका. कवचावर जंतू अडवणारा एक पातळ थर असतो, तो पाण्याने जातो आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाते. सुकी विष्ठा चिकटली असेल तर नखाने हलकेच खरवडा. फार बरबटलेलं असेल तर ते अंडं ठेवूच नका.

अंडी जमेपर्यंत ती १३ ते १६ अंश सेल्सिअसच्या आसपास, टोकदार बाजू खाली करून ठेवायची. सात दिवसांपर्यंत चिंता नाही. त्यानंतर रोज पिल्लं निघण्याचं प्रमाण घटत जातं. फ्रीज त्यासाठी फार थंड पडतो. अंडी प्रवासातून आली असतील तर यंत्रात घालण्याआधी एक रात्र तशीच स्थिर ठेवा, हिंदकळलेली हवेची पोकळी जागेवर बसते.

आईबापांचा खुराकही इथेच बघायला हवा. कोंबडीला जीवनसत्त्व बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन, कमी पडलं तर ते अंड्यातही कमी उतरतं आणि त्याचा हिशोब पुढे पिल्लाच्या बोटांत दिसतो. मँगनीज हे खनिज आणि कोलिन हे पोषकद्रव्य कमी पडलं तर त्याचा फटका घोट्यांना बसतो. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या कोंबड्यांची अंडी उबवायची असतील तर काही आठवडे आधीपासून त्यांना संतुलित खाद्य सुरू करा.

यंत्र आधी रिकामं चालवा

अंडी घालण्यापूर्वी यंत्र किमान २४ तास रिकामं चालू ठेवायचं. जागा अशी निवडा की ऊन पडणार नाही, पंख्याचा झोत लागणार नाही आणि खोलीचं तापमान फार वरखाली होणार नाही.

यंत्रात पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश. पंखा नसेल तर गरम हवा वर जमते आणि तळाशी थंडावा राहतो, म्हणून अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर मोजून ३८.३ ते ३८.८ ठेवतात. यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. एक सुटा थर्मामीटर घ्या आणि तो घरातल्या ताप मोजायच्या थर्मामीटरसोबत कोमट पाण्याच्या कपात धरून ताडून बघा. ताप मोजायचं थर्मामीटर बनवलेलंच नेमकं या पल्ल्यासाठी असतं. दोघांत जो फरक दिसेल तो कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवून टाका.

अर्धा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण तापमान सतत थोडं जास्त राहिलं तर पिल्लं लवकर निघतात, बेंबी नीट मिटलेली नसते आणि पाय कमजोर निघू शकतात. सतत थोडं कमी राहिलं तर उबवणी लांबते आणि पोट फुगलेली, सुस्त पिल्लं निघतात. त्यातल्या त्यात थोडा वेळ कमी परवडलं, जास्त नाही. वीज तासाभरासाठी गेली तर घाबरून झाकण उघडू नका, यंत्रावर जाड पांघरूण घाला, फक्त हवेची छिद्रं मोकळी ठेवा. शेवटच्या आठवड्यात वाढलेली पिल्लं स्वतःही ऊब तयार करतात आणि त्यांना हवा जास्त लागते. याउलट उन्हात राहिलेलं किंवा बिघडून तापलेलं यंत्र काही तासांत सगळी खेप संपवतं.

दमटपणा पहिले अठरा दिवस ४५ ते ५५ टक्के. हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचं यंत्र, खरं बोलतो का ते बघायला बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थोडं पाणी टाका, ओलसर लगदा व्हायला हवा, पाण्यात मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. यंत्रातला दमटपणा पाणी किती खोल आहे यावर नसून पाण्याचा पृष्ठभाग किती पसरट आहे यावर ठरतो. त्यामुळे कमी पडला तर भांडं अजून भरण्यापेक्षा आणखी एक पसरट भांडं ठेवा.

खरा पुरावा मात्र अंड्याच्या वजनात असतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्यातलं पाणी उडून वजन साधारण १२ ते १३ टक्के घटायला हवं. ६० ग्रॅमचं अंडं तोवर सुमारे ५२-५३ ग्रॅम भरलं पाहिजे. पहिल्या दिवशी सगळ्या अंड्यांचं एकत्र वजन करून लिहून ठेवा, सातव्या दिवशी पुन्हा करा. वजन हळू उतरत असेल तर पाणी कमी करा. ही एक सवय लावली तर दमटपणावरचे निम्मे वाद मिटतात.

फिरवणं

यंत्र आपोआप फिरवत असेल तर प्रश्न नाही. हाताने फिरवत असाल तर पेन्सिलने एका बाजूला गोळा आणि दुसऱ्या बाजूला फुली करा, शाई नको. दिवसातून तीनदा किंवा पाचदा, म्हणजे विषम संख्येने. त्यामुळे रात्रीच्या लांब वेळेला रोज वेगळी बाजू वर येते. बलक हलका असल्याने वर तरंगतो आणि एकाच जागी राहिला तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो, म्हणून हा खटाटोप. अंडी उभ्या खाचांत असतील तर जाड बाजू वर हवी. हात धुऊन, चटकन, आणि झाकण बंद.

उजेडात बघणं

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत टॉर्चच्या तोंडावर अंड्याची जाड बाजू टेकवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा आणि एक काळा ठिपका दिसला तर गर्भ जिवंत आहे; तो ठिपका म्हणजे पिल्लाचा डोळा. ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की तीन दिवस उलटले की अंड्यात रक्ताच्या ठिपक्यासारखं हृदय धडधडताना दिसतं. त्याच्याकडे टॉर्च नव्हता. आपल्याकडे आहे, तर रोज बघायचा मोह होतो. सातवा, चौदावा आणि अठरावा, एवढे तीन दिवस पुरे.

आतून एकसारखं स्वच्छ पिवळसर दिसणारं अंडं फळलेलं नाही. आत रक्ताचं कडं तयार झालेलं दिसलं तर गर्भ मेला आहे. गडद कवचाच्या अंड्यात नीट दिसत नाही. शंका असेल तर राहू द्या. पण वास येणारं किंवा कवचावर घाम फुटल्यासारखं झालेलं अंडं त्याच क्षणी बाहेर काढा, ते फुटलं तर सगळी खेप नासते.

अठरावा दिवस

इथून अंडी फिरवणं बंद. दमटपणा ६५ ते ७० टक्क्यांवर न्या, हवेची छिद्रं उघडा आणि अंडी आडवी ठेवा.

आणि तळाला काहीतरी खरखरीत अंथरा. हे मी वेगळं सांगतोय, कारण फाकलेल्या पायांची सर्वांत मोठी फॅक्टरी म्हणजे गुळगुळीत तळ. माझ्या पहिल्या खेपेला साफसफाई सोपी जावी म्हणून मी वर्तमानपत्र घातलं होतं. नऊ पिल्लं निघाली, त्यातली चार बर्फावर घसरल्यासारखी पोटावर पडून पाय दोन्हीकडे ताणत होती. ओल्या पिल्लाचे पाय घसरले की ते पुन्हा पुन्हा जोर लावतं, मऊ सांधे बाहेर ओढले जातात आणि काही तासांत तीच त्याची बसायची रीत होते. कपाटाच्या खणात घालतात ती जाळीदार रबरी चटई उत्तम. तीही नसेल तर जाड, आवळ विणीचा सुती कपडा; सुटे धागे नकोत, ते बोटांना गुंडाळतात.

त्यानंतर झाकण बंद म्हणजे बंद.

पिल्लू बाहेर येतं तेव्हा

विसाव्या दिवशी कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. पिल्लाने चोचीने आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेतलेला असतो. मग कवचाला चांदणीसारखा तडा जातो. त्यानंतर बराच वेळ काहीच होत नाही, आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. या वेळात पापुद्र्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. पहिल्या तड्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागणं अगदी सर्वसाधारण आहे. शेवटी पिल्लू गोल फिरत कवचाची टोपी कापतं आणि पायाने ढकलून बाहेर पडतं.

या ढकलण्यालाही अर्थ आहे, पाय पहिल्यांदा वापरात येतात ते इथेच. मी एकदा सहा तासांतच ‘मदत’ केली होती. पापुद्र्यातून रक्त आलं आणि पिल्लू गेलं. मदतीची वेळ येते ती तडा जाऊन २४ तास उलटले, प्रगती शून्य आणि पापुद्रा पांढरा ओलसर न राहता पिवळट, कोरडा, पिल्लाला चिकटलेला दिसतोय, तेव्हाच. पापुद्रा कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ओला करा, चोचीच्या जागेपासून टोपीपुरतं कवच थोडं थोडं उचला. रक्ताची रेघ दिसली तर थांबा आणि काही तासांनी पुन्हा बघा. शेवटचा भाग पिल्लालाच काढू द्या. बेंबीला काही लटकत असेल तर ओढू नका.

निघालेली पिल्लं वाळून फुगेपर्यंत यंत्रातच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन ते तीन दिवस दाणापाण्याशिवाय तगतात, त्यामुळे एकेकासाठी झाकण उघडायची घाई नको. दरवेळी उघडलं की दमटपणा कोसळतो आणि अजून आत असलेल्यांचा पापुद्रा आवळतो.

पाय बघायची वेळ

पहिले काही तास सगळीच पिल्लं लडखडतात, घोट्यांवर बसतात, तोंडघशी पडतात. त्याला आजार समजू नका. पिल्लू पूर्ण वाळलं की मात्र प्रत्येकाला खरखरीत टॉवेलवर ठेवून एक मिनिट बघा. पाय पोटाखाली येतात का? बोटं सपाट टेकतात का? मागच्या बाजूला वाकणारा जो सांधा आपण गुडघा समजतो तो खरं तर घोटा असतो. तो दोन्ही पायांत सारखा दिसतो का? या तीन प्रश्नांत बहुतेक सगळं सापडतं. हाडं आणि सांधे अजून मऊ असतात, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत जे सरळ होतं ते आठवड्यानंतर सहसा होत नाही.

फाकलेले पाय सर्वांत जास्त दिसतात आणि सर्वांत छान बरे होतात. स्वतःलाच चिकटणारी, पिसांना न चिकटणारी लवचिक पट्टी घ्या. अर्धा ते पाऊण सेंटिमीटर रुंद आणि आठ-दहा सेंटिमीटर लांब तुकडा कापा. एकाने पिल्लू हातात धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. एकट्याने करताना हमखास गुंता होतो. पट्टी घोट्याच्या खाली आणि पंजाच्या वर, नळीवर यायला हवी. एका पायाभोवती गुंडाळून पट्टी दुसऱ्या पायाकडे न्या आणि तिथे गुंडाळा, म्हणजे दोन पायांत बेडीसारखा दुवा होतो. दोन पायांतलं अंतर निरोगी पिल्लू उभं राहतं तेवढंच, साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर. पाय एकमेकांना चिकटवले तर ते उभंच राहू शकणार नाही. पट्टीखालून काडेपेटीतली काडी सरकली पाहिजे. अशी पट्टी नसेल तर जखमेला लावतो ती चिकटपट्टी उभी कापून वापरता येते. मधली गादी दोन पायांच्या मधे येऊ द्या.

पहिला अर्धा तास पिल्लू आरडाओरडा करतं, उलटं पडतं. थोडं मन घट्ट करा, पण नजरेआड करू नका, कारण पाठीवर पडलेल्याला उठता येत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा हातांच्या ओंजळीत उभं धरून पायांवर हलका भार येऊ द्या. पाणी उथळ झाकणात, त्यात खडे टाकून ठेवा आणि चोच बुडवून दाखवा. इतर पिल्लं टोचा मारतात, म्हणून त्याला वेगळं ठेवा, सोबत एखादं शांत पिल्लू असलं तर बरं. बोटं निळसर किंवा सुजलेली दिसली तर पट्टी लगेच कापा आणि सैल करून पुन्हा बांधा. रोज एकदा सोडून बघायचंच, कारण या वयात पाय दिवसागणिक जाड होतात. बहुतेक पिल्लं दोन ते चार दिवसांत सरळ चालायला लागतात.

मुडपलेल्या बोटांना बेडी नाही, बूट लागतो. पाय मिनिटभर कोमट पाण्यात धरा, बोटं सैल पडतात. मग पूर्ण कोरडा करा. पातळ पुठ्ठ्याचा पंजापेक्षा किंचित मोठा तुकडा कापा, तीन बोटं पुढे आणि एक मागे अशी पसरून पंजा त्यावर ठेवा आणि वरून चिकटपट्टी लावा. पिल्लू बदकासारखं फताक फताक चालतं, हसू येतं. एक-दोन दिवसांनी काढून बघा. सोबत पाण्यात मिसळायचं, रायबोफ्लेविन असलेलं कोंबड्यांचं ब-जीवनसत्त्व सुरू करा, मात्रा वेष्टनावर लिहिलेली असेल तीच. दहा-बारा दिवसांचं पिल्लू अचानक घोट्यांवर रांगायला लागलं आणि बोटं मुठीसारखी आत वळली तर तिथे पुठ्ठ्यापेक्षा जीवनसत्त्वच आधी. बोट नुसतं बाजूला वाकडं असेल आणि पिल्लू नीट चालत असेल तर मी काही करत नाही.

घोट्याची शीर, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सरकणं हे तिन्हींत वाईट. घोट्याच्या मागच्या बाजूला खोबण असते आणि जाड शीर त्यातून जाते. ती एका बाजूला घसरली की घोटा सुजतो, मागून चपटा लागतो आणि खालचा पाय आडवा वळतो. पिल्लू दुखून ओरडतं. फाकलेल्या पायांचं पिल्लू एवढं ओरडत नाही. ओळखायला निरोगी पाय शेजारी धरून बोटाने चाचपा. काही तासांतच लक्षात आलं तर पाय हलकेच मागे ताणून अंगठ्याने शीर खोबणीकडे सरकवता येते, कधी कधी ‘टक’ असं जाणवतं. मग पाय नैसर्गिक वाकात ठेवून घोट्याभोवती सैलसर पट्टी बांधायची. पशुवैद्य जवळ असेल तर हे काम त्यांच्याकडेच द्या, निदान पहिल्यांदा तरी. शीर पुन्हा पुन्हा घसरत असेल, दोन्ही पाय गेले असतील आणि पिल्लू पाण्यापर्यंतही सरकत नसेल तर ते किती दिवस रेटायचं हेही त्यांच्याशीच बोला.

घोटे नुसते लालसर असतील तर कवच ढकलताना घासले गेलेले असतात, चार दिवसांत जातात.

पिल्लं खाली उतरवल्यावर

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या खोक्यात, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. पिल्लं दिव्याखाली ढीग करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर गरम होतंय. तळ इथेही खरखरीतच. पहिले काही दिवस कापड, नंतर लाकडाचा जाडसर भुसा. बारीक भुसा ती खातात. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर, कारण निरोगी दिसणारी पिल्लंही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगू शकतात.

बेडी किंवा बूट काढलात की पहिला तास समोर बसा. पाय पुन्हा पसरायला लागले तर आणखी एक दिवस बांधा. आणि वहीत नोंद करा: किती पिल्लं, कुठल्या पायाला काय, कितव्या दिवशी निघाली. एकाच पिल्लाचा पाय फाकला तर तो अपघात समजा. चार-पाचांचे फाकले तर चटई बघा. पिल्लं विसाव्या दिवशीच निघाली आणि पाय कमजोर असतील तर थर्मामीटर पुन्हा कोमट पाण्यात ताडा. बऱ्याच जणांची बोटं मुडपलेली असतील तर यंत्र सोडा, कोंबड्यांच्या खाद्याची गोणी उघडून बघा.